अजाब की आजमाइश? लिस्बनच्या भूकंपाने विचारलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. परदेशातील एका ख्रिस्तीबहुल प्रदेशात मोठी नैसर्गिक आपत्ती आली होती. मगरिबच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर तोच विषय निघाला. एक बुजुर्ग म्हणाले, "हा अल्लाहचा अजाब आहे. जुलमाची फळे भोगावीच लागतात." बसलेल्यांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. उलट मान डोलावली. घरी आल्यावर जेवताना तेच वाक्य मी सहज बोलून गेलो. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने विचारले, "अब्बा, तिथली तान्ही मुलेसुद्धा जालीम होती का?"

मी काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नव्हते. पुढे ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे तुर्कस्तान आणि सीरियाची भूमी हादरली. ५० हजारांहून अधिक माणसे ढिगाऱ्यांखाली गेली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. त्याच ओट्यावर त्याच बुजुर्गांनी पाणावलेल्या डोळ्यांनी हात वर केले आणि ते म्हणाले, "ही अल्लाहची आजमाइश आहे." मला मुलीचा प्रश्न आठवला. तिकडेही तसेच ढिगारे होते, तसाच आक्रोश होता. मग तिकडचा अजाब आणि इकडची आजमाइश, हा निवाडा कोणी केला? अल्लाहने, की आम्ही?

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच उभा राहिला असे नाही. आपले ख्रिस्ती बांधवही सर्वशक्तिमान, न्यायी आणि दयाळू ईश्वर मानतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न अत्यंत भीषण रूपात आला तो सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी, पोर्तुगालच्या राजधानीत. त्या वेळी त्यांनी ईश्वरी न्यायाला कोणता प्रतिसाद दिला, त्यात काय चुकले आणि काय बरोबर होते, हे पाहणे आपल्यालाही उपयोगाचे आहे. दुसऱ्याची चूक शांतपणे तपासता येते; ती तपासताना आपली चूक दिसली, तर ती अल्लाहची कृपाच समजावी.

१ नोव्हेंबर १७५५

त्या दिवशी लिस्बनमध्ये सर्व संतांचा सण होता. कॅथलिक पंथीयांचा हा मोठा धार्मिक दिवस. सकाळी साडेनऊच्या सुमारास शहरातील चर्चेस भाविकांनी भरलेली होती, वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. इतक्यात जमीन हादरू लागली. काही मिनिटांच्या अंतराने धक्के येत राहिले आणि दगडी घुमट, कमानी, मनोरे प्रार्थना करणाऱ्यांच्या अंगावर कोसळले. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या शोधात तेजो नदीच्या किनाऱ्याकडे धावले. थोड्याच वेळात समुद्राचे पाणी मागे हटले आणि मग प्रचंड लाटांच्या रूपाने परतले. किनाऱ्यावर आश्रयाला आलेली माणसे त्या लाटांनी ओढून नेली. त्याच वेळी कोसळलेल्या घरांतील चुली आणि चर्चमधील मेणबत्त्या यांतून आगी लागल्या; त्या पाच-सहा दिवस धुमसत राहिल्या. शहराच्या मोठ्या रुग्णालयातील शेकडो रुग्ण त्या आगीत सापडले. राजवाडा, त्यातील विशाल ग्रंथालय, पूर्वेकडील व्यापाराचे दप्तर ठेवणारी 'कासा द इंडिया' ही कचेरी, हे सारे नष्ट झाले. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत. अनेक अभ्यासक ३० ते ४० हजारांचा आकडा मानतात. कार्मो मठाचे छप्पर उडालेले भग्न चर्च आजही त्या शहरात उभे आहे.

या घटनेतील विरोध कोणाच्याही लक्षात येण्यासारखा होता. भूकंप एखाद्या बाजाराच्या दिवशी किंवा रात्रीच्या वेळी झाला नाही. तो सणाच्या दिवशी, उपासनेच्या वेळी झाला. जे उपासनेला गेले होते ते मेले आणि जे गेले नव्हते त्यांच्यातील कित्येक वाचले. न्यायी ईश्वरावर श्रद्धा असणाऱ्या माणसाने याचा काय अर्थ लावायचा?

तीन प्रतिसाद

पहिला प्रतिसाद होता दोषाचे बोट दाखविण्याचा. गाब्रिएल मालाग्रिदा हे जेझुइट पंथाचे वृद्ध धर्मगुरू ब्राझीलमध्ये अनेक वर्षे धर्मप्रसार करून आलेले होते. लोकांत त्यांचा मोठा मान होता. १७५६ मध्ये त्यांनी भूकंपाच्या 'खऱ्या कारणा'वर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कारण भूगर्भात नाही, लिस्बनवासीयांच्या पापांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नाटकशाळा, नाचगाणी, चैन यांमुळे ईश्वराचा कोप झाला; तेव्हा लोकांनी झोपड्या उभारण्यात शक्ती घालविण्यापेक्षा पश्चात्तापात वेळ घालवावा, असा त्यांचा उपदेश होता. दुसऱ्या काही कॅथलिकांना वाटले की शहरात प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांना, म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाखंडी लोकांना, राहू दिले म्हणून ही शिक्षा झाली. इंग्लंडमधील प्रोटेस्टंटांनी नेमके उलटे निदान केले. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्येच पत्रक काढून सुचविले की जेथे धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, इतके रक्त सांडले तेथूनच ईश्वराने हिशेब मागायला सुरुवात केली असेल तर त्यात नवल नाही. भूकंप एक, मृत तेच. पण प्रत्येकाला त्यात आपल्या विरोधकाचे पाप दिसले.

दुसरा प्रतिसाद होता तत्त्वज्ञांचा. जर्मन विचारवंत लाइब्निझ यांनी १७१० मध्ये ईश्वरी न्यायावर एक ग्रंथ लिहिला होता. ईश्वराला शक्य असलेल्या सर्व जगांपैकी हे जग सर्वोत्तम आहे, आज जे वाईट दिसते ते संपूर्ण योजनेत चांगल्यासाठीच आहे, असा त्याचा आशय. आपल्याकडे इमाम गजाली (रह.) यांनीही याच्याशी मिळतेजुळते विधान कित्येक शतके आधी केले होते आणि त्यावर मुस्लिम विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. विचार खोल आहे. पण ज्या आईचे मूल नुकतेच ढिगाऱ्यातून काढले आहे तिच्यापुढे तो मांडला, तर तो क्रूर ठरतो. फ्रेंच लेखक व्हॉल्तेर यांनी आपल्या कवितेत यावरच आघात केला. लिस्बनमध्ये लंडन किंवा पॅरिसहून अधिक पापे होत होती काय, हा त्यांचा सवाल होता. त्यांचे सर्वच विचार आपल्याला मान्य होणार नाहीत. परंतु हा सवाल श्रद्धावंतानेच विचारायला हवा होता, तो टीकाकाराला विचारावा लागला.

तिसरा प्रतिसाद कामाचा होता. राजा जोझे भीतीने इतका खचला की त्यानंतर तो दगडी भिंतींच्या आत राहायलाच तयार होईना. कारभार हाती घेतला तो पुढे पोंबाल या नावाने प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने. मृतांना पुरा आणि जिवंतांना खाऊ घाला, अशा अर्थाचे वाक्य त्याच्या नावावर सांगितले जाते. त्याने धान्याचे भाव बांधून दिले, लुटारूंचा बंदोबस्त केला आणि साथ पसरू नये म्हणून प्रेतांची त्वरित विल्हेवाट लावली. गावोगावच्या चर्चना एक प्रश्नावली धाडली: धक्के किती वेळ टिकले, समुद्र आधी चढला की ओसरला, जमिनीला भेगा पडल्या काय, किती माणसे गेली? ही उत्तरे आजही भूकंपाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात. नव्या इमारतींच्या भिंतींत धक्के सोसणारा लाकडी सांगाडा बसविण्यात आला. याच सुमारास रूसो यांनी व्हॉल्तेर यांना पत्र लिहून एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. सहा-सात मजल्यांची हजारो घरे एकमेकांना खेटून निसर्गाने बांधली नव्हती, ती माणसांनी बांधली होती. आणि अनेकजण आपले सामान वाचविण्याच्या नादात प्राणास मुकले.

या तिन्ही प्रतिसादांचा शेवटही पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये ६ फेब्रुवारी १७५६ रोजी राष्ट्रीय उपवास पाळला गेला, प्रवचने झाली. पण त्याच इंग्लंडच्या संसदेने लिस्बनसाठी एक लाख पौंडांची मदतही मंजूर केली. एका हाताने दोष देणाऱ्या माणसांनी दुसऱ्या हाताने अन्न आणि अवजारे पाठविली. दुसरीकडे मालाग्रिदांचा अंत दुःखद झाला. पोंबालने त्यांना आधी राजधानीबाहेर घालविले, पुढे कटाच्या आरोपाखाली कैद केले आणि अखेर १७६१ मध्ये त्याच इन्क्विझिशनकरवी देहदंड देऊन त्यांचे शरीर जाळण्यात आले. कामाचा माणूस न्यायी असतोच असे नाही. ईश्वरी कोपाचे कारण मीच जाणतो म्हणणारा धर्मगुरू आणि विरोधकाला आगीत टाकणारा मंत्री, या दोघांनीही अल्लाहच्या न्यायासनावर स्वतः बसण्याचा प्रयत्न केला.

हजरत ईसा (अ.) यांनी दिलेले उत्तर

ख्रिस्ती श्रद्धावंतांनी काय करावे, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. परंतु हजरत ईसा (अ.) हे आपलेही पैगंबर आहेत, त्यांच्यावर ईमान ठेवल्याशिवाय आपले ईमान पूर्ण होत नाही. आजच्या बायबलविषयी आपली भूमिका वेगळी आहे. तरीही ख्रिस्ती लोक जे शुभवर्तमान प्रमाण मानतात त्यातच या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापुढे होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात सिलोह येथील बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे जेरुसलेममधील इतरांहून अधिक अपराधी होती असे समजू नका, तुम्ही स्वतः पश्चात्ताप करा, असा तेथील उपदेशाचा आशय आहे. योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? उत्तर मिळते, दोघांचेही नाही.

म्हणजे लिस्बनच्या ढिगाऱ्यांसमोर उभ्या असलेल्या ख्रिस्ती माणसाला नवे तत्त्वज्ञान शोधण्याची गरज नव्हती. बुरूज कोसळला तर मेलेल्यांचा निवाडा करू नकोस, स्वतःच्या आचरणाकडे पाहा आणि जो जिवंत आहे त्याला हात दे, एवढे त्याच्याच धर्मग्रंथाने त्याला सांगितले होते. मालाग्रिदांनी यातील 'पश्चात्ताप' घेतला आणि 'निवाडा करू नका' सोडून दिले. वेस्लींनी पश्चात्तापाचे आवाहन आपल्या देशबांधवांना जरूर केले. पण दूरच्या मृतांवर दोषारोप ठेवण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही.

एका ठिकाणी मात्र त्यांचा आणि आपला मार्ग वेगळा होतो. चर्चच्या प्रचलित सिद्धांतानुसार आदमचे पाप वंशपरंपरेने प्रत्येक मुलात उतरते. त्यामुळे तान्ह्या बाळाचे दुःखही या मूळ पापाशी जोडणारे धर्मपंडित त्यांच्यात होऊन गेले. इस्लाम हे मान्य करीत नाही. हजरत आदम (अ.) यांनी तौबा केली आणि अल्लाहने ती स्वीकारली (सूरह बकरा, २:३७). कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहत नाही (सूरह अन्आम, ६:१६४). प्रत्येक मूल निष्पाप, शुद्ध प्रकृतीवर जन्मते. तेव्हा तान्ह्या मुलाच्या मृत्यूला शिक्षा म्हणण्याचा मार्ग आपल्यासाठी पूर्णपणे बंद आहे. एवढे असूनही आपण जेव्हा संपूर्ण शहरावर 'अजाब' हा शिक्का मारतो, तेव्हा त्या मुलांना आपण कोणत्या रकान्यात टाकतो?

गोव्यातून पाहताना

येथे आपल्या मनात येऊ शकणाऱ्या एका मोहाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. लिस्बन हे आपल्याला दूरचे शहर नाही. गोव्यावर साडेचार शतके तेथूनच राज्य झाले. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकले तेव्हा तेथील मुसलमानांची कत्तल झाली. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. नवख्रिस्ती, हिंदू आणि इतरांनी त्याचा जाच सोसला. मग १७५५ मध्ये लिस्बनमधील इन्क्विझिशनचा वाडाही भूकंपात उद्ध्वस्त झाला, हे वाचताना कोणाच्या ओठांवर 'अल्लाहचा इन्साफ' हे शब्द येणार नाहीत? वेस्ली चुकले असे म्हणणारे आपण, त्यांचेच वाक्य आपल्या भाषेत म्हणून टाकू.

परंतु इतिहासाचे पुढचे पान उलटा. त्याच दिवशी, त्याच धक्क्यांनी मोरोक्कोची भूमीही हादरली. तिच्या किनाऱ्यावरही समुद्र चढला. त्याच नोव्हेंबर महिन्यात मेकनेस आणि फेज या मुस्लिम शहरांत भूकंपाने मोठा विध्वंस केला. लिस्बनमध्ये ज्यांच्यावर छप्पर कोसळले ते संतांचा सण साजरा करीत होते. मोरोक्कोत ज्यांच्यावर कोसळले ते अजान ऐकणारे आणि कलमा म्हणणारे होते. त्यांनी कोणत्या गोव्यात कोणाची कत्तल केली होती? आणि इकडे इन्क्विझिशनचे काय झाले? त्याचा वाडा पडला, पण ती संस्था संपली नाही. गोव्यात १७७४ मध्ये पोंबालच्या काळात ती बंद झाली, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि कायमची उठली ती १८१२ मध्ये, माणसांच्या निर्णयाने.

जालीम काय करतात याविषयी अल्लाह बेखबर नाही, परंतु तो त्यांना एका दिवसापर्यंत मुदत देतो, असे कुरआनने बजावले आहे (सूरह इब्राहीम, १४:४२). तो दिवस आखिरतचा आहे. १५१० च्या मजलूमांचा हक्क बुडणार नाही, आणि १७५५ मधील कोणत्याही बालकाला अल्बुकर्कचा हिशेब द्यावा लागणार नाही. न्यायाचा हाच अर्थ आहे. भूकंपाला जर आपण न्यायालय मानले, तर असे न्यायालय मानावे लागेल की जे आरोपी आणि पाळण्यातील मूल यांत फरक करीत नाही. अल्लाहच्या अदलविषयी अशी कल्पना करणे हीच मोठी बेअदबी आहे.

आद, समूद आणि आपण

कोणी म्हणेल, मग कुरआनात नूह (अ.) यांची कौम, आद, समूद, लूत (अ.) यांची कौम यांच्या विनाशाच्या हकिगती कशासाठी आहेत? त्या सत्य आहेत आणि इबरतीसाठी आहेत. पण त्यांच्यातील तीन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, त्या प्रत्येक कौमकडे पैगंबर आला होता, त्याने दीर्घकाळ समजावले होते. रसूल पाठविल्याशिवाय आम्ही अजाब देत नाही, हा अल्लाहचा नियम कुरआनने स्पष्ट सांगितला आहे (सूरह बनी इस्राईल, १७:१५). दुसरी, अजाब येण्यापूर्वी पैगंबर आणि श्रद्धावंत यांना बाजूला काढण्यात आले. नौका आधी बांधली गेली, मग तुफान आले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तो अजाब होता हे आपल्याला वहीद्वारे कळले, कोणाच्या अंदाजाने नव्हे. आता वहीचा दरवाजा बंद आहे. तेव्हा अमुक शहरावरील आपत्ती हा अजाब होता, असे छातीठोक सांगणारा माणूस कळत-नकळत जे ज्ञान केवळ वहीने मिळते त्याचा दावा करीत असतो.

तुमच्यावर येणारी संकटे तुमच्या हातांच्या कमाईमुळे येतात आणि अल्लाह पुष्कळ माफ करतो, असेही कुरआन सांगते (सूरह शूरा, ४२:३०). पण ही आयत 'तुम्ही' म्हणून संबोधते. ती वाचणाऱ्याने स्वतःला लावायची आहे, शेजाऱ्याला नाही. शिवाय लोकांना त्यांच्या कृत्यांबद्दल अल्लाहने लगेच पकडले असते तर पृथ्वीच्या पाठीवर एकही जीव उरला नसता, असेही त्याच ग्रंथात आहे (सूरह फातिर, ३५:४५). म्हणजे एखादे शहर उभे आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही, आणि कोसळले म्हणून अधिक दोषी ठरत नाही. उभे असलेले प्रत्येक शहर अल्लाहच्या माफीवर उभे आहे, आपले गावसुद्धा.

पैगंबर (स.) आणि सहाबांचा आदर्श

पैगंबर मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या पित्याला हे ऐकून समाधान वाटले असते, तर ते मानवी स्वभावाला धरून झाले असते. परंतु पैगंबर (स.) यांनी लोकांना बजावले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, त्यांना कोणाच्या मरणामुळे किंवा जगण्यामुळे ग्रहण लागत नाही, असे दिसले तर नमाज पढा, दुआ करा (बुखारी, मुस्लिम). आपल्या बाजूने जाणारा गैरसमजही त्यांनी टिकू दिला नाही. सृष्टीतील घटनेला आपल्या सोयीचा अर्थ चिकटविणे त्यांनी स्वतःच्या पुत्राच्या बाबतीतही नाकारले.

दुसरी हदीस त्याहून हृदयस्पर्शी आहे. शहिदांची गणना करताना पैगंबर (स.) यांनी प्लेगने मेलेला, पोटाच्या रोगाने मेलेला, बुडून मेलेला आणि भिंतीखाली दबून मेलेला श्रद्धावंत यांचाही समावेश केला (बुखारी, मुस्लिम). ज्या मृत्यूंना जग देवाचा कोप समजत आले, नेमक्या त्याच मृत्यूंना त्यांनी शहादतचा दर्जा दिला. आणि जो माणूस 'लोक बरबाद झाले' असे म्हणत फिरतो तोच सर्वाधिक बरबाद आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

तिसरा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांचा. ते सीरियाकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना कळले की पुढे प्लेगची साथ आहे. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. पुढे त्याच साथीत अबू उबैदा (रजि.) यांचे निधन झाले. ज्यांना जिवंतपणीच जन्नतची शुभवार्ता मिळाली होती असे ते सहाबी. त्यांच्या मृत्यूला अजाब म्हणण्याचे धाडस कोण करील? आणि उमर (रजि.) यांनी घेतलेल्या खबरदारीला ईमानची उणीव कोण म्हणेल? मालाग्रिदांना झोपडी उभारणे आणि पश्चात्ताप करणे यांत विरोध दिसला. सर्गच्या वाटेवर असा विरोध कोणालाही दिसला नाही.

भिंती कोणी बांधल्या?

ईश्वरी न्यायाचा प्रश्न विचारताना एक प्रश्न आपण हमखास विसरतो: यात माणसाचा वाटा किती? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या लातूर-धाराशिव भागात किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. हिंदू, मुसलमान, सर्व जातींची माणसे एकाच वेळी गाडली गेली. अनेक ठिकाणी जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि धाब्याची जड छपरे झोपलेल्या माणसांवर पडली. पिढ्यान्‌पिढ्या तशीच घरे बांधणाऱ्या त्या गरीब गावकऱ्यांना दोष देता येणार नाही. त्यांना दुसरे बांधकाम कोणी शिकविलेच नव्हते. तुर्कस्तानात मात्र नवे मजले पत्त्यांसारखे कोसळले आणि अनेक बांधकाम व्यावसायिकांना अटक झाली. भूमी हलणे अल्लाहच्या हुकमाने; पण कमी सिमेंटचा खांब कोणाच्या हुकमाने? तेथे 'तकदीर' हा शब्द उच्चारून थांबणे म्हणजे गुन्हेगाराला अल्लाहच्या नावाआड लपविणे होय. फसवणूक करणारा आमच्यातला नाही, ही पैगंबर (स.) यांची शिकवण बाजारातील धान्याच्या राशीला जशी लागू झाली तशी ती खांबालाही लागू आहे.

म्हणून आपत्ती आली असता श्रद्धावंताने, मग तो ख्रिस्ती असो वा मुस्लिम, तीन दिशांनी पाहावे. मृतांकडे पाहावे ते रहमतच्या नजरेने. त्यांचा निवाडा अल्लाहकडे आहे. स्वतःकडे पाहावे ते हिशेबाच्या नजरेने. माझी तौबा राहून गेली आहे काय, माझ्याकडे कोणाचा हक्क बाकी आहे काय? आणि वाचलेल्यांकडे पाहावे ते जबाबदारीच्या नजरेने; अन्न, पांघरूण, पुढच्या वेळी टिकेल अशी भिंत. 'आजमाइश' हा शब्द खरा आहे. सूरह बकरामध्ये (२:१५५) भय, भूक, मालाची आणि जिवांची हानी यांनी परीक्षा घेतली जाईल असे सांगितलेलेच आहे. फक्त ती परीक्षा ढिगाऱ्याखालच्या माणसाइतकीच ढिगाऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाचीही असते. लिस्बन कोसळले तेव्हा लंडनचीही परीक्षा सुरू झाली होती. दूरदेशी आपत्ती आली तेव्हा आमच्या ओट्याचीही सुरू झाली होती, आणि त्या संध्याकाळी आम्ही तीत नापास झालो.

माझ्या मुलीचे उत्तर मला उशिरा सापडले. सहीह बुखारीत पैगंबर (स.) यांच्या एका स्वप्नाची हदीस आहे. त्यांना एका हिरव्यागार बागेत उंच कदाचे हजरत इब्राहीम (अ.) दिसले; त्यांच्याभोवती पुष्कळ मुले होती. ही मुले म्हणजे निसर्गशुद्ध अवस्थेत मरण पावलेली बालके, असे सांगण्यात आले. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी काहींनी विचारले, मुश्रिकांची मुलेसुद्धा? पैगंबर (स.) यांनी उत्तर दिले, मुश्रिकांची मुलेसुद्धा.

मी ही हदीस तिला वाचून दाखविली. ती आता मोठी झाली आहे. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली, "अब्बा, हे ओट्यावरही सांगा ना." पुढच्या शुक्रवारी मी सांगितले. ते बुजुर्ग बराच वेळ काही बोलले नाहीत. उठताना एवढेच म्हणाले, "अल्लाह माफ करो, आम्हीही कधी कधी फारच बोलतो." 'आम्ही' म्हणताना त्यांनी मलाही त्यात धरले होते, आणि ते योग्यच होते.

अल्लाह आपल्या जिभांना दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा करण्यापासून रोखो, आपल्या हातांना मदतीची शक्ती देवो आणि त्याच्या अदलला भिण्याबरोबरच त्याच्या रहमतवर आशा ठेवण्याची तौफीक आपल्या सर्वांना देवो. आमीन.